निर्दोष सुटल्यावर भरपाई मिळते का? आधी तारीख बघा, मग निकालपत्र उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांना खुनाच्या केसमध्ये सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली, नऊ वर्षं ते हर्सूल जेलला होते, पाच महिन्यांपूर्वी औरंगाबाद खंडपीठाने अपील मंजूर करून त्यांना सोडलं. या काळात दीड एकर विकली गेली, पोराची शाळा सुटली, आजी गेल्या तेव्हा पॅरोलचा अर्ज वेळेत निघाला नाही. आता सरकारकडून काही मिळतं का आणि अर्ज कुठे करायचा.

मी फौजदारी बाजूला वकिली करतो, त्यातही अपिलं जास्त, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, सुटकेचा निकाल लागला की कोर्टाच्या पायऱ्यांवरच कोणीतरी नातेवाईक विचारतो. सरळ सांगतो. असं ऑफिस नाही, असा फॉर्म नाही आणि एका वर्षाच्या जेलला इतके रुपये असा दरही आपल्याकडे नाही. चुकून शिक्षा झालेल्याला भरपाई देणारा कायदाच भारतात नाही. मिळते ती कोर्टाच्या मर्जीने, आणि मर्जी कशावर फिरते हे आधीच कळलं तर निदान पैसे आणि वर्षं वाया जात नाहीत.

पण त्याच्याही आधी तारीख. पाच महिने गेले म्हणताय. खोटा खटला भरल्याबद्दल दिवाणी दावा लावायचा असेल तर मुदत कायद्यातल्या आर्टिकल 74 प्रमाणे सुटका झाल्यापासून फक्त एक वर्ष मिळतं. बेकायदा कैदेच्या दाव्यालाही एकच वर्ष, आर्टिकल 73. सरकारला पार्टी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते (नोटिशीचे दोन महिने मुदतीत धरत नाहीत, तेवढा दिलासा). आणि तपास करणाऱ्या पोलिसाला व्यक्तिशः ओढायचं असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 161 आडवं येतं, त्यात कृत्य घडल्यापासून सहा महिन्यांची अट आहे, म्हणजे मामा जेलमध्ये असतानाच ती संपली असं समोरचा वकील म्हणणार हे नक्की. त्यावर उत्तर आहे, ते संरक्षण कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याला असतं, आणि मारहाण करणं, बेकायदा कोंडून ठेवणं ही पोलिसाची ड्युटी नव्हे असं सुप्रीम कोर्टाने 1966 सालीच महाराष्ट्राच्याच एका केसमध्ये म्हटलंय. पण हे सगळं भांडावं लागतं. लोक वर्षभर आमदाराच्या आणि कलेक्टरच्या ऑफिसात अर्ज देत फिरतात आणि माझ्याकडे येतात तेव्हा चौदावा महिना चालू असतो.

आणखी एक चेक करा, सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय का. स्पेशल लीव्ह पिटिशनची (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाची) मुदत 90 दिवस, पण सरकारची उशीर माफ करा अशी अर्जीसुद्धा बऱ्याचदा मंजूर होते. 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटाचंच बघा, बारा जणांना 2015 मध्ये शिक्षा झाली, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप, 21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं आणि तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने तो निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जा असं सांगितलं नाही, पण अपील उभं आहे तोवर भरपाईचं कोण ऐकणार? त्या बारांतला एक तर 2021 मध्ये नागपूर जेलमध्ये कोविडने गेला, निर्दोष असल्याचा निकाल त्याच्या पाठीमागे आला.

आता मुख्य गोष्ट. भरपाई मिळणार की नाही हे नव्वद टक्के सुटकेच्या निकालपत्रातच ठरलेलं असतं. शेवटचं 'अपील मंजूर, आरोपीस मुक्त करावे' एवढंच वाचून घरचे पेढे वाटतात, मला मधले परिच्छेद हवे असतात. कोर्टाने सोडलं कशावर? साक्षीदार फितूर झाले, हत्यार उघड्या जागेवरून जप्त केलं, पंच पोलिसांचा नेहमीचा निघाला, मुद्देमाल सीलबंद नव्हता, म्हणून संशयाचा फायदा, असं असेल तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला उभा राहून म्हणणार की पुरावा कमी पडला म्हणजे केस खोटी होती असं नाही. उलट सेशन्स कोर्टाला शिक्षा देण्याइतका पुरावा वाटलाच होता ना, म्हणजे खटला भरायला वाजवी कारण होतं! हा युक्तिवाद कानाला कितीही खटकला तरी चालतो, कारण खोट्या खटल्याच्या दाव्यात वाजवी कारण नव्हतं आणि मनात द्वेष किंवा वाईट हेतू होता, हे दोन्ही तुम्हाला सिद्ध करायचं असतं. म्हणजे निर्दोष माणसानेच पुन्हा पुरावा आणायचा, तोही पोलिसांच्या मनात काय होतं याचा.

याउलट निकालात कोर्टाने खोटा पुरावा तयार केला, अमुक कागद दडवला, अशी नोंद केली असेल तर ती सोन्यासारखी. माझ्या एका अपिलात शर्ट होता. अटक पंचनाम्यात लिहिलेलं, अंगावरचा शर्ट, पांढरा, डाग नाहीत. तोच शर्ट अकरा दिवस पोलीस स्टेशनला राहिला आणि लॅबला गेला तेव्हा रक्ताचे डाग आले. सेशन्सला हे कोणी विचारलंच नव्हतं. हायकोर्टात आम्ही फक्त संशयाचा फायदा द्या म्हणून थांबलो नाही, हे डाग मधल्या अकरा दिवसांत आले कुठून यावर कोर्टाने मत नोंदवावं असं लेखी मुद्द्यातच मागितलं आणि कोर्टाने दोन ओळी का होईना लिहिल्या. पुढची सगळी मदार त्या दोन ओळींवर होती. म्हणून ज्यांचं अपील अजून पेंडिंग आहे त्यांनी वकिलाला आत्ताच सांगा, सुटका तर हवीच पण तपास कसा झाला यावर निष्कर्षही मागा. बरेच वकील टाळतात, कोर्टाचा वेळ जातो, शिवाय त्याच पोलीस स्टेशनशी उद्या परत गाठ असते. समजू शकतो, पण मागा.

तुमच्या मामांच्या निकालात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, त्यामुळे पुढचं सगळं दोन्ही शक्यता धरून वाचा.

कोर्टाने पैसे दिलेत का कधी? दिलेत. सुरुवात धरतात 1983 च्या रुदुल साह प्रकरणापासून. बिहारचा माणूस, 1968 मध्ये निर्दोष सुटला आणि तरी 1982 पर्यंत जेलमध्येच, चौदा वर्षं, तेही सुटल्यानंतरची. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड (आपले पुण्याचे) यांच्या खंडपीठाने आधी दिलेले पाच हजार धरून एकूण 35 हजार दिले. दिवसाला सात रुपये पण पडत नाहीत. पण महत्त्व रकमेला नाही, घटनेचं कलम 21 (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) मोडलं तर रिटमध्येच, म्हणजे हक्क मोडला म्हणून थेट वरच्या कोर्टात केलेल्या अर्जातच, पैसे देता येतात हे त्यातून रुजलं, पुढे 1993 च्या नीलाबती बेहेरा केसमध्ये (पोलीस कोठडीतला मृत्यू, ओडिशा, दीड लाख) ते पक्कं झालं.

महाराष्ट्रातल्या माणसाने वाचायलाच हवा तो मार्च 2019 चा निकाल. नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये एका वस्तीवर दरोडा, खून आणि बलात्कार झाला, भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले. 2006 ला सेशन्सने सहाही जणांना फाशी, 2007 ला हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवून तिघांची जन्मठेप केली, 2009 ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी दिली. नुसती कायम नाही केली, ज्यांची उतरवली होती त्यांचीही परत चढवली! मग फेरविचार झाला, आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळे निर्दोष सांगितले. कारण काय, तर घटनेनंतर लगेच जखमी साक्षीदार बाईने पोलिसांच्या रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. हा कागद पहिल्यापासून पोलिसांकडे होता. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख द्यायला सांगितले राज्य सरकारला, आणि चूक करणारे अधिकारी शोधून अजून नोकरीत असतील तर त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करायला. सोळा वर्षांच्या जेलला पाच लाख म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये, त्यातली बरीच वर्षं डोक्यावर फाशी. आणि हे चांगलं उदाहरण म्हणून आम्ही कोर्टात दाखवतो, कारण बाकीच्यांना तेवढंही नाही.

बाकीचे म्हणजे अक्षरधाम हल्ल्याच्या केसमधले. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सहा जणांना सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले, म्हणजे वर मी म्हटलं तसला सोन्याचा निकाल. त्यांनी भरपाई मागितली तर 2016 मध्ये त्याच कोर्टाने नकार दिला, असं दिलं तर धोकादायक पायंडा पडेल म्हणून. दुसरीकडे इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन, हेरगिरीच्या खोट्या आरोपात 1994 मध्ये अटक, साधारण पन्नास दिवस कोठडी, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 50 लाख दिले आणि नंतर केरळ सरकारने वेगळे 1 कोटी 30 लाख देऊन तडजोड केली. त्यांना जास्त मिळालं असं माझं अजिबात म्हणणं नाही, माणसाचं सगळं करिअर गेलं. पण शास्त्रज्ञाच्या नुकसानीला किंमत लावता येते आणि नाशिकच्या मजुराच्या सोळा वर्षांना लावता येत नाही, हा फरक कायदा नसल्यामुळे पडतो. दर ठरलेला नसला की समोर कोण उभा आहे त्यावर रक्कम ठरते.

बरं दर ठरवणं अवघड आहे का? रोज मोटार अपघाताच्या ट्रिब्युनलमध्ये ठरतो. उत्पन्न किती, वय किती, 26 ते 30 वयाला मल्टिप्लायर (वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा) 17, 31 ते 35 ला 16, स्वतःचा खर्च वजा, पुढच्या वाढीचे टक्के जमा, ज्युनिअर वकील पंधरा मिनिटांत आकडा काढतो. तुमचे मामा त्या नऊ वर्षांपूर्वी ट्रकखाली गेले असते तर मामींना हिशोबाने रक्कम मिळाली असती. जर्मनीत चुकीच्या कैदेला दिवसाला 75 युरो असा दर कायद्यातच आहे, शिवाय बुडालेली कमाई वेगळी. जपानमध्ये दिवसाला जास्तीत जास्त 12,500 येन, त्याच हिशोबाने इवाओ हाकामाडा या फाशीच्या कोठडीत दशकं काढलेल्या म्हाताऱ्याला मार्च 2025 मध्ये 21 कोटी 73 लाख येनच्या वर मिळाले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात वर्षाला 50 हजार डॉलर, फाशीच्या कैद्याला लाख. सगळीकडे छान आहे असं नाही हां, इंग्लंडमध्ये 2014 पासून तुम्ही गुन्हा केलाच नाही हे निःसंशय सिद्ध झालं तरच पैसे, आणि 2023 पर्यंत तर जेलमध्ये तुमचा राहण्या-जेवणाचा खर्च वाचला म्हणून तोही रकमेतून कापायचे. जेलच्या जेवणाचं बिल निर्दोष माणसाला!

आपल्याकडे प्रयत्न झाला नाही असं नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्ली हायकोर्टाने लॉ कमिशनला सांगितलं यावर काहीतरी करा, ऑगस्ट 2018 मध्ये 277 क्रमांकाचा अहवाल आला. स्पेशल कोर्ट, झटपट सुनावणी, सरकारने पैसे द्यायचे आणि नंतर चुकार अधिकाऱ्याकडून वसूल करायचे, असं सगळं त्यात आहे. त्यातही मेख आहे, नुसती चुकीची शिक्षा पुरत नाही, खटला दुष्ट हेतूने किंवा प्रामाणिकपणा सोडून चालवला हे दाखवावं लागतं, म्हणजे तो कायदा झाला असता तरी संशयाचा फायदा घेऊन सुटलेला बाहेरच राहिला असता. असो, झालाच नाही. 1 जुलै 2024 ला सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, सगळं पुस्तक नव्याने लिहिलं, पण हे प्रकरण घातलं नाही. त्यात आहे काय, तर कलम 399, विनाकारण अटक करवली तर ज्याने करवली त्याने हजार रुपयांपर्यंत द्यायचे. हजार. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात चुकीच्या शिक्षेला भरपाई लिहिलीय, भारताने 1979 मध्ये तो स्वीकारला, पण बेकायदा अटकेच्या भरपाईच्या कलमाला तेव्हाच हरकत नोंदवून ठेवली. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका फाशीच्या केसमध्ये आरोपीला सोडताना सुप्रीम कोर्टाने परत म्हटलं की यावर कायदा नाही, संसदेने बघावं. त्यानंतर फाशीतून सुटलेल्या काही जणांनी भरपाईसाठी रिट केलीत, त्यातला एक ठाण्याच्या केसमधला आहे, कोर्टाने नोटीस काढलीय. त्यात काही निकष ठरले तर तुमच्यासारख्यांचा रस्ता बदलेल, म्हणून तिकडे लक्ष ठेवा, पण त्याची वाट बघत मुदत घालवू नका.

आता तुम्ही काय करायचं. निकालात तपासावर ताशेरे असतील तर घटनेच्या कलम 226 खाली हायकोर्टात रिट, राज्य सरकार, गृह खाते, पोलीस अधीक्षक यांना पार्टी करून. न्यायाधीशांना ओढू नका, 1985 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि विनाकारण केस बिघडते. रिटला कोर्ट फी नाममात्र, दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेवर स्टँप लागतो, म्हणून पन्नास लाख मागू का असं विचारण्याआधी तो आकडा बघा (पैसेच नसतील तर निर्धन म्हणून दावा लावता येतो, ऑर्डर 33, पण ती चौकशीच लांबते). रिटमध्ये अडचण अशी की तथ्यांवर वाद निघाला की कोर्ट म्हणतं दिवाणीत जा. म्हणून मी दोन्ही करतो, रिट आणि मुदत वाचवायला दावा, आणि दाव्यात रिट पेंडिंग असल्याचं प्रामाणिकपणे लिहितो, लपवलं तर दोन्हीकडून जातं. राज्य मानवाधिकार आयोगातही तक्रार होते, तिथेही घटनेपासून एक वर्षाची अट, आणि ते शिफारस करतात, हुकूमनामा नाही. खोटी साक्ष देणाऱ्यावर कारवाईचा अर्ज वेगळा, त्याने पैसे मिळत नाहीत पण कधी कधी समोरचा बोलणीला येतो. घरच्यांना बऱ्याचदा हेच आधी हवं असतं, ज्याने अडकवलं त्याला आत टाका. मी म्हणतो आधी भरपाई, कारण तो अर्ज चालवण्यात मामांची ताकद संपते आणि गावातलं भांडण परत पेटतं.

रक्कम किती मागायची? नऊ वर्षं म्हणजे 108 महिने. मामांची कमाई महिना नऊ हजार धरली तरी 9 लाख 72 हजार नुसती मजुरी होते. वकिलांच्या फिया, भेटीच्या येण्याजाण्याचा खर्च, विकलेली जमीन, हे वेगळं. आणि इथे कागद लागतो, अश्रू नाही. दीड एकरचं खरेदीखत आणि फेरफार काढा, खरेदीखताची तारीख आणि वकीलपत्राची किंवा अपील दाखल केल्याची तारीख जवळजवळ असेल तर पैसा कशाला लागला हे आपोआप दिसतं, तोंडी सांगण्याची गरज राहत नाही. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर शेवटची हजेरी कधीची ते बघा. आजींचा मृत्यूचा दाखला आणि पॅरोलच्या अर्जाची पोच किंवा जेलचा नकार. तुरुंग अधीक्षकांकडून लेखी घ्या की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आत होते, फर्लो-पॅरोल किती, काम कोणतं दिलं, मजुरी किती जमा झाली, दवाखान्याच्या नोंदी काय. हा कागद सुटल्यावर लगेच मिळतो, दोन वर्षांनी रेकॉर्ड रूममध्ये शोधायला लागतो. निकालाच्या सर्टिफाईड कॉप्या दोन्ही कोर्टांच्या, आणि साक्षींच्या नकला पण, त्या नसतील तर मी तरी केस घेत नाही.

एक छोटं काम, पैशाचं नाही पण लवकर होतं. पोलीस स्टेशनला निकालाची कॉपी देऊन पोच घ्या आणि रेकॉर्डला सुटकेची नोंद झाली का बघा. नाहीतर मामा कुठे वॉचमनची नोकरी धरायला गेले की चारित्र्य पडताळणीत जुना 302 येतो आणि पुढचं कोणी वाचत नाही.

वकील टक्क्यावर केस घेतो म्हणाला तर सही करू नका, भरपाईत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे आणि असे करार नंतर भांडणातच जातात. पैसे नसतील तर खंडपीठातच विधी सेवा समितीचं ऑफिस आहे, उत्पन्नाचा दाखला (जातीचा असेल तर तोही), आधार आणि निकालाची कॉपी घेऊन जा, मोफत वकील मिळतो. जाताना मामांनाच घेऊन जा, अर्जावर सही त्यांची लागते, भाच्याची चालत नाही.